खायची फुलं

काशम्मानं हात मागं घेतला. तापल्या तव्याला बोट लागल्यावर घेतात तसा. रेवणसिद्ध परसातल्या खुंटीला आरसा अडकवून दाढी करीत होता. त्याला ते आरशात दिसलं. साबण फासलेल्या आपल्या गालामागं आईची खाट, खाटेवर आईचा डावा तळवा, तळव्यावर पूजेचं इष्टलिंग, आणि समोर वाकलेली त्याची बायको दाक्षायणी. तिच्या चिमटीत एक जांभळं-पिवळं, नखाएवढं फूल.

"बेड गं, बेड," आई म्हणाली. मनापासून नको असलं की ती मैंदर्गीच्या माहेरच्या कानडीत नको म्हणायची. "माझ्या अंगावरनं उतरलेलं पाणी पिऊन फुललंय ते. ते माझ्याच लिंगावर ठेवू व्हय? शिव शिव. बेलाचं वाळकं पान दे, चालतंय."

"बाजारात एक फूल नाही, आत्याबाई. होती नव्हती ती संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत संपली. म्हणून म्हटलं."

"नसूं दे. देवाला कळतंय दुष्काळ हाय म्हणून."

रेवणसिद्धचा वस्तरा हनुवटीखाली थांबला. "कुठलं पाणी?" त्यानं आरशातच विचारलं.

"मोरीचं," दाक्षायणी म्हणाली. "आत्याबाईंच्या अंघोळीच्या दगडापासनं पाट काढलाय की वाफ्यापर्यंत. तुम्हीच म्हणालात, सकाळ-संध्याकाळ ओल पाहिजे म्हणून. नळ दिवसाआड, तोही करंगळीएवढा. प्यायचं पाणी फुलांना घालू?"

"अगं, पण ती खायची फुलं आहेत!"

"ते मला खरं वाटलं नाही," ती म्हणाली, आणि बेलाचं पान शोधायला आत गेली.

अर्धी दाढी झालेला चेहरा घेऊन तो वाफ्यापाशी गेला. पाट होता. वीतभर रुंदीचा, नीट लिंपलेला, कडेला फुटक्या कौलांचे तुकडे लावलेला. परसातून रोज जाता-येता तो ह्या पाटावरून पाय टाकत होता, आणि तो कुठून येतो हे एकदाही खाली वाकून पाहिलं नव्हतं. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला वर फूल दिसतं, खाली मूळ दिसतं. मधला पाट बायकोच्या खात्यात जातो. पाटाच्या तळाला साबणाचा करडा थर साचून वाळला होता. वरच्या टोकाला दगड. त्या दगडावर आईला बसवून दाक्षायणी अंघोळ घालते, आणि त्याच दगडावर आईची रात्रीची लुगडी पिळते. आई कंबरेतून गेल्यापासून रात्रीची लुगडी म्हणजे काय असतं ते घरात कुणी बोलत नाही. वारा फिरला की ते आपलं आपण कळतं. आणि फुलं तर तरारली होती. पानं काळीभोर, देठ ताठ. दिवाळीनंतर मुळात उगवतील की नाही अशी शंका होती तिथं पौषात वाफा भरून गेला, तेव्हा त्यानं कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या वर्गापुढं फुशारकी मारली होती की निगा राखली तर सोलापुरातसुद्धा विलायत उगवते. निगा कसली, नत्र होतं. शुद्ध, भरपूर, रोजच्या रोज मिळणारं नत्र. हे त्याला कळायला हवं होतं. कॉलेजच्या मुतारीमागं वाढलेला एरंड दाखवून हेच तर तो मुलांना दर वर्षी शिकवीत असे.

त्याला मळमळलं नाही. मळमळायला हवं असं वाटलं, एवढंच. दाढी उरकताना तो स्वतःला शास्त्र समजावून सांगू लागला. मुळं मोरी पीत नाहीत, मुळं आयन पितात. आयनाला आई नसते. मातीत गेल्यावर जे उरतं ते कुठल्याही बाटलीत असतं तितकंच स्वच्छ. हे खरं होतं, आणि एवढं खरं सांगूनही घशापाशी काहीतरी लोचट बसून राहिलं होतं. हे काहीतरी लहानपणापासूनचं होतं. फूल देवाला वाहण्याआधी त्याचा वाससुद्धा घ्यायचा नाही, असं आईनं त्याला शिकवलं होतं. शाळेच्या वाटेवर मोगऱ्याशी नाक नेलं म्हणून काशम्मानं एकदा त्याचं नाकच धरलं होतं, नथ अडकवायच्या जागी. पुढं तो पुण्याला शिकला, देव सुटला, गळ्यातलं लिंग ट्रंकेत गेलं, मग ट्रंक माळ्यावर गेली. नाक मात्र अजून धरलेलंच होतं. मोगऱ्याजवळून जाताना तो आजही श्वास रोखतो; आणि विद्यार्थ्यांना वाटतं, सर परागकणांची काळजी घेतात.

पुण्याच्या त्या वर्षांत इंग्रजीच्या तासाला ह्याच फुलाशी त्याची पहिली गाठ पडली होती. व्हायोलेट. पुस्तकात ते दवानं भिजलेलं, लाजरं, शेवाळाच्या दगडाआड लपलेलं असायचं. ते शिकवणाऱ्या प्राध्यापकांनीही ते पाहिलेलं नव्हतं, त्यांच्या प्राध्यापकांनीही नव्हतं. पण लाजरेपणावर सगळे भरभरून लिहीत आणि गुण मिळत. आता ते प्रत्यक्ष समोर होतं तर त्यात लाजरं काहीच नव्हतं. प्रत्येक फुलाला चक्क तोंड होतं. वर दोन जांभळे कान, खाली पिवळं थोबाड, आणि थोबाडावर मिशांसारख्या काळ्या रेघा. वाफाभर तोंडं, सगळी एकाच दिशेला वळलेली, कुणीतरी बढती जाहीर करणार आहे अशी. त्यातल्या काहींत त्याला इतिहासाचे अण्णाराव दिसत. हल्ली काहींत तो स्वतः दिसू लागला होता, म्हणून आठवडाभर त्यानं नीट पाहणं सोडलं होतं.

बी आणलं होतं शिवलिंगप्पांच्या मुलानं. शिवलिंगप्पा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. चादरींचा धंदा, सात रस्त्याला बंगला, आणि कॉलेज ही त्यांच्या धंद्याची अशी शाखा जिच्यात माल तयार होतो की नाही हे कुणी विचारीत नाही. मुलगा मँचेस्टरला मागाचं शिकून आला तो येताना रानफुलांच्या बियांचं पाकीट घेऊन आला. तिकडं म्हणे मोठ्या घरांत ही फुलं ताटात वाढतात. गोडावर ठेवतात, साखर लावून मुरवतात, हिरव्या पाल्यावर पेरतात. शिवलिंगप्पांनी रेवणसिद्धला नव्या पेठेतल्या पेढीवर बोलावून पाकीट पुढं सरकवलं होतं. "सर, विद्यापीठाची समिती येणार संक्रांतीनंतर. त्यांना ताटात काहीतरी नवीन दाखवायचं. तुम्ही बॉटनीचे. उगवा की." मग उगाच गादीवरच्या चादरीची सुरकुती काढत म्हणाले होते, "प्रिन्सिपॉलची जागा पण त्याच सुमारास भरायची हाय. तुम्ही हाय, अण्णाराव हाय. दोघंही आपलेच." पुढं काही बोलले नव्हते. बोलायची गरजही नव्हती. रेवणसिद्धनं ते पाकीट असं छातीशी धरून आणलं की वाटेत ओळखीच्यांनी घरी कुणी आजारी आहे का म्हणून विचारलं.

गार जागेशिवाय हे बी उगवत नाही. सोलापुरात गार जागा एकच, पाण्याच्या माठाखालची. तिवईखाली, माठाच्या झिरप्याच्या ओलीत, गोणपाटाखाली अंधारात त्यानं ते बी ठेवलं होतं. घरातले सगळे वरनं पाणी पीत होते आणि खाली रेवणसिद्धचं प्रिन्सिपॉलपद मोड धरीत होतं. बाहेर दुष्काळ होता. रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकेच्या तांबड्या ज्वारीच्या भाकरीला आई चामडं म्हणायची. खेड्याकडची माणसं सडकेच्या कडेला खडी फोडीत होती, आणि तो गुडघ्यांवर बसून चिमट्यानं रोपं वेगळी करीत होता. हे सगळं भयंकर आहे असं त्याला त्या वेळीही वाटलं होतं. भयंकर वाटत असतानाच त्यानं रोपं वेगळी केली होती. दोन्ही कामं एकाच वेळी जमतात, हा शोध त्याला त्या महिन्यात लागला.

आज समितीपुढं फुलं न्यायचीच नाहीत, असा विचार त्यानं कपडे करताना केला. मुंग्या लागल्या सांगावं, शेळी शिरली सांगावं. अण्णारावांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. शेळी शिरली हे ऐकून तो चेहरा किती सहानुभूतीनं भरेल! त्यानं फुलं खुडली. एका तांब्यात प्यायचं पाणी घेऊन त्यात बुडवली, निथळवली, पोळ्यांच्या डब्यात ओल्या फडक्यावर मांडली. दाक्षायणी दारात उभी होती. "धुतलीत की," ती म्हणाली, "झालं आता." तिच्या आवाजात त्याची कीव होती, की तांब्याभर पाण्याची हळहळ, त्याला कळलं नाही.

बंगल्यात समितीचे तिघे आधीच पाटांवर बसले होते. पुढं केळीची पानं, पानावर अळूच्या वड्या, चांदीच्या वाट्यांत श्रीखंड. निंगव्वा, शिवलिंगप्पांकडं वाढपाचं बघणारी बाई, डबा घेऊन गेली आणि प्रत्येक वाटीत फुलं खोवून आली. पांढऱ्याफटक श्रीखंडातून मिशांवाली तोंडं वर पाहू लागली. समितीचे प्रमुख कवळी लावणारे, वयस्क, अतिशय सभ्य गृहस्थ होते. त्यांनी वाटी नाकाजवळ नेली. त्या क्षणी रेवणसिद्धनं श्वास रोखला. पण त्या गृहस्थांचं नाक लहानपणी कुणी धरलेलं नसावं.

"हे शोभेला आहे की…?" त्यांनी विचारलं.

"खायचं, साहेब. मँचेस्टरला रोज खातात," शिवलिंगप्पा म्हणाले. ते स्वतः जेवायला लागलेले नव्हते. त्यांचं लिंगपूजन व्हायचं होतं, ते झाल्याशिवाय अन्नाला हात नाही. पाटावर बसूनच त्यांनी गळ्यातली लिंगाची चांदीची करंडी काढून मांडीवर घेतली होती. "तुम्ही सुरू करा. माझं चाललंय सावकाश."

कुणी सुरू करेना. खाली गेलेल्या नजरा हळूहळू रेवणसिद्धकडं वळल्या.

"सरांनी आधी घ्यावं," शेजारच्या पाटावरून अण्णाराव म्हणाले. "पूर्वी राजाच्या पंगतीला चाखणारा असायचा. तो चाखायचा, लोक घटकाभर त्याच्याकडं बघत बसायचे. तो हसला की जेवण सुरू."

सगळे हसले. रेवणसिद्धही हसला, आणि हसणं संपायच्या आत त्यानं फूल जिभेवर ठेवलं. मऊ होतं. थंड होतं. जीभ त्याला टाळूकडं ढकलायला गेली आणि मधेच थबकली, जशी आईची बोटं थबकली होती. त्याला दगड दिसला. दगडावर पिळलेलं लुगडं दिसलं, पिळाच्या टोकाला लोंबणारा, तुटता न तुटणारा थेंब दिसला. त्यानं फूल गालात सरकवलं, दाढांच्या बाहेर, जिथं गावाकडची माणसं तंबाखूची गोळी धरतात तिथं, आणि मान हलवली. वा.

मग चमचे चालू झाले. कवळीचा कट्‌ कट्‌ आवाज येऊ लागला. "पालेभाजीसारखं लागतंय काहीसं," दुसरे म्हणाले. "नाही, नाही, सुगंध आहे," तिसरे म्हणाले. सुगंध अजिबात नव्हता. प्रमुखांच्या पुढच्या दातावर एक जांभळी पाकळी चिकटून बसली होती आणि तशाच दातानं ते कॉलेजच्या प्रयोगशाळेबद्दल उत्तम बोलत होते. अण्णारावांनी दोन खाल्ली आणि तिसऱ्यासाठी शेजारच्या वाटीकडं पाहिलं. रेवणसिद्धला ह्या सगळ्यांची किळस आली, अगदी अंगभर, पण त्याखाली एक गुदगुलीही होती. माझ्या आईची न्हाणी खाताहात, असं तो मनात एकेकाकडं बघून म्हणत होता, सावकाश घ्या, भरपूर आहे. आणि त्या गुदगुलीची त्याला श्रीखंडाहून जास्त किळस आली. पण हे निभणार होतं. शास्त्र त्याच्या बाजूला होतं, श्रीखंड त्याच्या बाजूला होतं. शिवलिंगप्पा त्याच्याकडं प्रसन्न डोळ्यांनी पाहत होते, आणि त्या पाहण्यात प्रिन्सिपॉलच्या खोलीतली ती उंच पाठीची खुर्ची स्वच्छ दिसत होती.

शिवलिंगप्पांनी लिंग डाव्या तळव्यावर घेतलं. विभूती लावली. बेलाचं पान ठेवलं. मग उजवा हात पुढं येऊन हवेतच थांबला. पूजेच्या तबकात फूल नव्हतं. बंगल्यातही नव्हतं, दुष्काळानं तेवढी एक गोष्ट सात रस्त्याला आणि रेवणसिद्धच्या बाळीवेशीत सारखी वाटली होती. त्यांनी आपल्या पानातल्या न शिवलेल्या वाटीकडं पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा उजळला. "हे बरं झालं," ते स्वतःशीच म्हणाले, "आधी देवाला." त्यांनी वाटीच्या कडेचं, श्रीखंड न लागलेलं एक फूल दोन बोटांनी उचललं, डोळे मिटले, ओठ हलवले, आणि हात तळव्याकडं नेला.

रेवणसिद्धला बोलायचं होतं. खरं तर बोलायचं नव्हतं. छातीतून काहीतरी आपोआप वर येत होतं, ते ओकारीच असावं असं त्याला आधी वाटलं. बोलायचं तर तोंड रिकामं हवं. त्यानं गालातलं फूल गिळलं.

"नको, अप्पा!"

शिवलिंगप्पांचे डोळे उघडले.

"ते देवाला चालत नाही. मोरीच्या पाण्यावर वाढलंय. आईच्या अंघोळीच्या."

आधी कुणाला काही कळलं नाही. मग कवळीचा आवाज थांबला. प्रमुखांनी चमचा अगदी जपून, कुणाची झोप मोडू नये तसा, पानावर ठेवला. "एक्स्क्यूज मी," ते म्हणाले, आणि उठले. त्यांच्यामागं दुसरे उठले, तिसरे उठले. अण्णाराव तोंडावर रुमाल धरून उठले. रुमालावरचे डोळे मात्र सणासारखे दिसत होते. परसाच्या दारातून सगळे बाहेर गेले, आणि लगेच गुळण्यांचा आवाज सुरू झाला. खोल घशातून, निरनिराळ्या सुरांत.

माजघरात दोघेच उरले. शिवलिंगप्पांनी फूल पानाच्या कडेला ठेवलं, त्या हाताची बोटं तांब्यातल्या पाण्यात बुचकळली, धोतराला पुसली. डाव्या तळव्यावर लिंग तसंच होतं. त्यामुळं त्यांना ओरडता येत नव्हतं. ते पूजेतल्या हळू आवाजातच बोलले.

"त्यांनी खाल्लं तेव्हा गप्प बसलात."

"होय."

"तुम्ही स्वतः खाल्लं."

"होय."

"आणि मी देवाला ठेवायला लागलो तर ओरडलात. तुम्ही देव मानता, सर?"

"नाही," रेवणसिद्ध म्हणाला.

"मग तुमचा काय संबंध?"

ह्या प्रश्नाचं उत्तर त्यानं प्रामाणिकपणे शोधलं. पुण्याला शोधलं, ट्रंकेत शोधलं, नाकाशी शोधलं. मिळालं नाही. शिवलिंगप्पा रागावलेले नव्हते. एखाद्या गिऱ्हाइकानं हातात आलेली चादर विनाकारण परत करावी तसे ते त्याच्याकडं पाहत होते.

"कानात सांगायचं की," ते म्हणाले. "मी बेलावर भागवलं असतं. त्यांना कळलं नसतं. प्रिन्सिपॉलला एवढं तर समजायला पायजे, सर." आणि डोळे मिटून त्यांनी पूजा जिथं थांबली होती तिथून पुढं चालू केली. अण्णारावांचं नाव त्यांनी घेतलं नाही. पेढीवर निम्मं वाक्य बोलून थांबले होते, त्याचं उरलेलं निम्मं आता बोलून झालं होतं.

बाहेर पडायची वाट परसातूनच होती. तिथं निंगव्वा टँकरच्या पाण्याची भरली घागर घेऊन उभी होती, आणि समिती ओळीनं ओंजळी पुढं करीत होती. घागर संपली, तिनं दुसरी आणली. सहा महिन्यांत रेवणसिद्धनं इतकं स्वच्छ पाणी एकदम पाहिलं नव्हतं. ते तोंडांत जाऊन, खळखळून, पाकळ्यांचे तुकडे घेऊन फरशीवर पडत होतं, आणि फरशीवरून एका नीट लिंपलेल्या पाटानं पुढं जात होतं. त्यानं ह्या वेळी वाकून पाहिलं. पाट कुंपणाच्या कडेला एका थोरल्या हिरव्या गचपणात शिरत होता. अळू होतं. सुपाएवढी पानं, जांभळे देठ, दुष्काळाची ज्यांना गंधवार्ता नाही अशी.

गुळण्या करून माणसं आत गेली. प्रमुख जाताना त्याच्याकडं पाहून पुसटसं हसले, सभ्यच गृहस्थ. गुळण्या कशापायी चालल्या होत्या ते निंगव्वानं ऐकलेलं नसावं, किंवा ऐकून तिला त्यात विशेष वाटलं नसावं. ती अळवात शिरून पानं खुडू लागली.

"घरला नेता का, सर? चार पानं न्या की. लई ग्वाड हाय ह्ये, घशाला खाजत न्हाय."

"हे ह्या पाण्यावर…?"

"व्हय की. मोरीबिगर अळू कुटं येतंय? आज तुमी वड्या खाल्ल्या न्हाय वाटतं, तशाच दिसल्या पानात. सकाळी देव्हाऱ्यातल्या निवेदाला बी ह्येच्याच केल्त्या. मालकांनी सोताच्या हातानं दावला निवेद."

ती सरळ सांगत होती. पानांवरचं पाणी झटकताना तिच्या दंडावर एक जांभळा कण उडून चिकटला, तो तिनं पदरानं पुसला. रेवणसिद्धला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. तोंडात फक्त एक किंचित कडसर, पाल्यासारखी चव होती, ती आता घशाखाली पोचली होती आणि तिथं काहीच होत नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर निंगव्वानं तोवर पानांची जुडी केळीच्या सोपट्यानं बांधून रिकाम्या डब्यासकट त्याच्या हातात दिली होती.

सात रस्त्यावर दुपारचं ऊन पांढरं पडलं होतं. मिलच्या भिंतीपाशी खडीवरून परतलेली माणसं सावलीपुरती ओळीनं बसली होती. त्यांच्यासमोरून तो सुटाबुटात, एका हातात डबा, एका हातात अळू घेऊन चालला. जुडी फेकून द्यावी म्हणून एकदा तो थांबला. पण फेकायची कुठं, हे कळेना. जिथं पडली असती तिथं कुणीतरी उचलली असती, शिजवली असती, पहिली वडी कुठल्यातरी देवापुढं ठेवली असती. घरी दाक्षायणी विचारील, कुठलं अळू. तो सांगेल. ती बरं म्हणेल आणि डाळीचं पीठ भिजवायला घेईल. देठांतला चीक निथळून त्याच्या तळहाताशी आला आणि तळहात खाजू लागला. खाज मनगटाकडं चढली, मनगटावरून बाहीत शिरली. खाजवायला दुसरा हात मोकळा नव्हता. त्यात डबा होता.